निगेटिव्हचं कच्चं स्कॅन : प्लसटेक ८२००आय आणि व्ह्यूस्कॅन

कोकणात ज्यांच्या कपाटात निगेटिव्हची पाकिटं पडून आहेत, त्यांनी ती पावसाआधी बाहेर काढाच. दमट हवेत जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते आणि तो थर खात जाते. बाबांनी मालवणात काढलेल्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीच्या) आणि दशावताराच्या रोलांसाठी मी प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय हा फिल्म स्कॅनर घेतला आणि मला तो मनापासून आवडलाय.

त्याआधी एका स्टुडिओतून जेपेग करून आणले होते. पेट्रोमॅक्सचा पिवळा उजेड मशीनने परस्पर पांढरा करून टाकलेला. संकासुराचा काळा वेश राखाडी, राजाच्या मुकुटावरची बेगड नुसता पांढरा डाग. निगेटिव्हमध्ये सगळं होतं, फाइलमध्ये आलंच नाही. फार वाईट वाटलं.

व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘आउटपुट’ला जाऊन ‘रॉ फाइल’वर (म्हणजे कसलीही दुरुस्ती न केलेल्या कच्च्या फाइलवर) टिक करायची आणि प्रकार ‘६४ बिट आरजीबीआय’ निवडायचा. लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड (धूळ-ओरखडे ओळखायला), असे चार चॅनेल, प्रत्येकी १६ बिट. हाती येते ती नारिंगी, उलटी, मळकट दिसणारी निगेटिव्हच. घाबरू नका, तीच तर हवी आहे. पुढे हीच फाइल स्कॅनर न जोडताही व्ह्यूस्कॅनमध्ये उघडते. रंग, धूळ काढणं, सगळं तिथे पुन्हा पुन्हा ठरवता येतं. त्या फाइलीतून बेगडीचा एकेक तुकडा वेगळा दिसला आणि उजेड पिवळाच राहिला.

स्कॅनरच्या खोक्यावर ७२०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलंय, पण खरा तपशील त्याच्या निम्म्याच्या आसपास संपतो. मी ३६०० वर करते, तरी एक फ्रेम सुमारे १४० एमबी होते. ७२०० वर साडेपाचशेच्या पुढे जाईल. होल्डर दर फ्रेमला हाताने सरकवावा लागतो आणि इन्फ्रारेडसाठी दुसरी फेरी होते, त्यामुळे काम सावकाश चालतं. रॉ फाइलसाठी व्ह्यूस्कॅनची प्रोफेशनल आवृत्ती लागते. मोफत चाचणीत फोटोवर छाप उमटते, पण आपलं मशीन नीट चालतंय का ते कळतं. तेवढं बघूनच पैसे भरा.

कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, तिथे चौथा चॅनेल कामाचा नाही. घरात फक्त तसलेच रोल असतील तर इन्फ्रारेड नसलेला ८१०० पुरे, वाचलेले पैसे हार्ड डिस्कला लावा.