‘अ‍ॅनोडाइज्ड’ म्हणून गळ्यात मारलेल्या गाडीच्या प्लेटा

मासळीच्या गाडीवर रंग टिकत नाही. पेट्यांतून बर्फाचं खारं पाणी गळत असतं, बंदरावरची हवा खारी, त्यात वॉशिंगवाले कॉस्टिक घातलेलं पाणी प्रेशरने मारतात. पण मालकाचं नाव, पत्ता, रिकाम्या-भरलेल्या गाडीचं वजन, टायरचे साइज गाडीवर नीट वाचता यायला हवेत, नाहीतर पासिंगला कटकट. रत्नागिरीत हाताने अक्षर काढणारा पेंटर हल्ली शोधावा लागतो. म्हणून आमच्या पफ बॉडीच्या (थंडावा धरणाऱ्या फोमच्या भिंतींच्या) गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या छापील प्लेटा लावायचं ठरलं.

प्लेटवाला घाटावरचा. त्याने आणलेलं सॅम्पल अस्सल होतं, हे आजही सांगतो. थिनरचा बोळा घासला, नखाने खरवडलं, अक्षर जागचं हललं नाही. खऱ्या अ‍ॅनोडाइज्ड प्लेटमध्ये रंग पत्र्यावर बसलेला नसतोच. विजेच्या प्रक्रियेने अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर तयार करतात, त्या थराच्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात आणि मग उकळत्या पाण्यात छिद्रं बंद करतात. “शेठ, पाच वर्षं बघायला नको,” म्हणाला. सॅम्पल मात्र “एकच आहे” म्हणून परत घेऊन गेला.

आलेल्या प्लेटा दिसायला हुबेहूब तशाच. उन्हाळा सरता सरता लाल अक्षरातलं नाव गुलाबी झालं, मग नुसती त्याची सावली उरली. खालचा काळा पत्ता ठणठणीत! स्वस्त छपाईत लाल-पिवळी शाई उन्हाने आधी मरते, काळी टिकते. पाऊस लागला आणि रिबिटांजवळ फुगे आले. ड्रायव्हरने एका फुग्याची कड उचलली तर अख्खी छपाई केळ्याच्या सालीसारखी हातात आली. खाली कोरा पत्रा, आणि रिबिटांभोवती पांढरी भुकटी, कारण लोखंडी रिबिट आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे अ‍ॅनोडाइज्डच्या पैशात आम्हाला व्हिनाइलचा स्टिकर, वरून लॅमिनेशन मारून, पत्र्यावर चिकटवून दिला होता.

फोन केला तर उत्तर तयार: “गॅरंटी प्लेटची होती शेठ, छपाईची नाही. पत्रा फाटलाय का?”

पुढची गंमत आमच्या अकाउंटंटने काढली. बिलावर ‘नेमप्लेट’ एवढंच लिहिलेलं, पण शेजारी एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) होता ३९१९. हा कोड प्लास्टिकच्या चिकट फिल्मचा. धातूच्या नेमप्लेटचा कोड ८३१०. गडी तोंडाने धातू विकत होता आणि बिलात स्टिकर! बिलाचा फोटो पाठवल्यावर आवाज खाली आला. पैसे परत नाहीत म्हणाला, पण थोडे वर घालून स्टेनलेसच्या, अक्षरं कोरलेल्या प्लेटा देतो, ३०४ ग्रेडच्या. आणि स्वतः येऊन लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटत नाही, म्हणजे ३०४!

ही चुंबकाची जादू लक्षात ठेवा. २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. मिरकरवाड्याला बोटींची रेलिंग करणाऱ्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे प्लेट नेली. त्याने टेस्टिंगच्या बाटलीतला थेंब टाकून बॅटरी टेकवली, थेंब लालभडक झाला. म्हणजे मँगनीज जास्त, म्हणजे २०२. (त्याच्या मते आमच्या गाड्यांना ३०४ सुद्धा कमीच, मॉलिब्डेनम असलेलं ३१६ हवं. पण तो बोटींचा माणूस, त्याला सगळं समुद्रातच बुडालेलं दिसतं.) प्लेटा तिथूनच परत पाठवल्या.

आता दुसऱ्याकडून घेतल्यात, खऱ्या अ‍ॅनोडाइज्ड, अ‍ॅल्युमिनियमच्याच रिबिटांनी मारलेल्या. ऑर्डरवर ‘रंग मुरवलेला, वर स्टिकर किंवा छपाई नाही’ असं लिहून घेतलं, सॅम्पल सही करून आमच्याकडेच ठेवलं, आणि आलेल्या मालातली एक प्लेट त्याच्यासमोर ब्लेडने कडेला खरवडली. स्टिकर असेल तर कड तिथेच उठते. वॉशिंगवाल्याला प्लेटवर कॉस्टिक मारू नको म्हणून सांगून ठेवलंय, कारण त्याने अ‍ॅनोडाइज्डचा थरही जातो.

पहिले पैसे मात्र अडकलेत. ग्राहक आयोगाचा रस्ता आम्हाला अवघड आहे, कारण धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या कायद्याने ग्राहक धरला जात नाही. पण पोट भरण्यासाठी स्वतःच गाडी चालवणाऱ्याला यातून सूट आहे. आमच्याबरोबर प्लेट घेतलेला एक भाऊ एकाच गाडीचा मालक आणि तोच ड्रायव्हर. त्याने १९१५ या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आहे, तिथे नाहीच जमलं तर जिल्हा आयोगात जाणार म्हणतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.