४ जीबीच्या नावाखाली गळ्यात मारलेला १ जीबीचा स्टिरिओ

१०,५०० रुपये गेले. मडगावच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गाडीला नेव्हिगेशनवाला अँड्रॉइड स्टिरिओ बसवला: युनिट ८,५००, फ्रेम ६५०, मागचा कॅमेरा ७५०, फिटिंग ६००. खोक्यावर ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १३. सेटिंग उघडलं तरी तेच आकडे. गिऱ्हाइकाने आणखी काय तपासायचं? ते आकडे फर्मवेअरमध्येच, म्हणजे युनिटच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, खोटे भरलेले असतात. हार्डवेअर दाखवणारं अ‍ॅप टाकलं तेव्हा खरं बाहेर आलं: एसी८२२७एल चिप, १ जीबी रॅम, एपीआय लेव्हल २७, म्हणजे अँड्रॉइड ८.१. एवढ्याशा रॅमवर नकाशा, गाणी आणि कॅमेरा एकत्र चालत नाहीत. रिव्हर्स टाकून पुन्हा पुढे निघालं की नकाशा बंद पडलेला.

सगळ्यात जास्त चीड येते ती काउंटरवरच्या डेमोची. युनिट टेबलावर, नकाशावर आपली जागा झकास दिसतेय, आणि जीपीएसची अँटेना, ती काळी चौकोनी डबी, वायरीच्या वेटोळ्यासकट खोक्यातच! जागा दाखवत होतं ते दुकानाचं वायफाय. ठिपक्याभोवती भलंमोठं निळं वर्तुळ होतं, उपग्रह एकही नव्हता. पण दुकानदार तोंडाने धडाधड फीचर सांगत असताना मागची वायर कोण बघतो? डेमो घेताना वायफाय बंदच करायला लावा. युनिट दुकानाबाहेर, उघड्या आभाळाखाली चालू करा आणि उपग्रह दाखवणारं अ‍ॅप उघडा. नुसते ‘दिसणारे’ नकोत, ‘वापरात’ किमान ४ हवेत. ७-८ असले तर बरं.

फिटिंगमध्येही तोच हलगर्जीपणा. अँटेना स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्टीखाली कोंबली. ती काचेखाली डॅशबोर्डवर, आभाळाकडे तोंड करून बसवायची असते. काचेला धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तिथेही सिग्नल अडतो. अनमोड घाटात बाण जागचा हलेना, तर दुकानदाराचं उत्तर काय? “घाटात रेंज नाही.” साफ खोटं! जीपीएसला मोबाइलची रेंज लागतच नाही. नकाशा आधी डाउनलोड केलेला असला की झालं. कंपनीची वायर कापू देऊ नका, गाडीचा कपलर, म्हणजे मूळ वायरीला न कापता जोडायचा तयार प्लग, मागा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. पुढच्या खात्यात पक्कं बिल मागितलं. दुकानाने दिलेल्या चिठ्ठीवर मॉडेल नाही, जीएसटी क्रमांक नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक, ते छापलेलं नाही हे दाखवलं तर साहेब म्हणतात, “खोकं उघडलंय ना तुम्ही?” न उघडता स्टिरिओ बसवायचा कसा? तिसऱ्या टेबलावर साहेब रजेवर. बिल न देणारा निवांत दुकान चालवतोय आणि हेलपाटे आम्ही घालायचे!

म्हणून बिलावर मॉडेल, रॅम आणि चिपचं नाव लिहून घ्या. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. आणि “ठेवून जा, अपडेट मारून देतो” म्हटलं तरी युनिट दुकानात सोडू नका. आयोगासमोर ठेवायला पुरावा तोच आहे.