तिसऱ्या नळीतले पाणी

गेल्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपत आली असताना वडील आठवडाभर तापाने फणफणले आणि पुढे असंबद्ध बोलू लागले, तेव्हा भंडारा जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांच्या मणक्यातून पाणी काढले. ते तीन नळ्यांत होते. पहिली पेशी, प्रथिने व साखर पाहण्यासाठी आणि दुसरी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, गेली. तिसरी मात्र वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या, बाहेरच्या प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने ‘टीबीची अँटीबॉडी, उद्या दुपारी रिपोर्ट’ असे सांगून माझ्याकडून नेली. मी 4,200 रुपये रोख दिले आणि कच्ची पावती घेतली.

अहवालात आयजीजी व आयजीएम (शरीर जंतूविरुद्ध तयार करते त्या अँटीबॉडींचे दोन प्रकार) दोन्ही पॉझिटिव्ह होते. त्यावरून क्षयरोगाच्या गोळ्याही सुरू झाल्या.

नागपूरला हलवल्यावर तेथील डॉक्टरांनी तो कागद पाहून विचारले, की या प्रयोगशाळेला रक्त कधी दिले होते? आम्ही ते दिलेच नव्हते, आणि नमुन्याच्या रकान्यात तर ‘सीरम’, म्हणजे रक्तातला द्रव भाग, छापलेले होते. म्हणजे वडिलांचे पाणी बहुधा कोणी तपासलेच नव्हते. शिवाय क्षयरोगाच्या निदानासाठी अशा अँटीबॉडी तपासण्यांवर भारत सरकारने जून 2012 मध्येच बंदी घातलेली आहे. आपल्याकडे असंख्य लोकांचा क्षयाच्या जंतूशी कधी ना कधी संबंध आलेला असतो, त्यामुळे आजार नसतानाही रक्तात अँटीबॉडी सापडतात, आणि मेंदूच्या आवरणाला सूज आली की त्या मणक्यातल्या पाण्यातही झिरपतात.

यावरून अँटीबॉडी तपासणी सरसकट खोटी ठरत नाही, जरी काही दिवस मीही तसेच समजत होतो. जपानी मेंदूज्वराचे निदान मुख्यतः याच पाण्यातील आयजीएमवरून होते आणि त्याचे तपासणी किट (एलायझा) पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते. आमच्या बाबतीत तेच आयजीएम सापडले, क्षयाच्या जंतूची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीत जंतू आढळला नाही, आणि सर्व तपासण्यांचा एकत्रित विचार करून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या.

म्हणून विनंती अशी, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तपासणीचे नाव असल्याशिवाय नळी कोणाच्या हाती देऊ नये, आणि अहवाल आल्यावर निकालाआधी नमुन्याचा रकाना वाचावा.

प्रतिनिधीचा फोन माझ्या पहिल्या तक्रारीपासून बंद आहे. पैशांचे दुःख त्यामानाने कमी. आधीचे पाणी थेंबभरही उरले नव्हते, म्हणून वडिलांना गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा एकदा सुईसाठी कुशीवर निजावे लागले.