निसर्गरम्य रस्त्याचा दर्जा आधी कुणाला, येऊर की पाम बीच?

कॅलिफोर्नियात १९६३ पासून राज्य सरकार निसर्गरम्य महामार्ग ठरवतं. पण आधी स्थानिक संस्थेनं होर्डिंग आणि बांधकामांना आवर घालायचा, मगच दर्जा. आपल्याकडे अशी योजना आली तर?

ठाण्यात उपवनहून येऊरला चढणारा रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात शिरतो. पहिल्या पावसानंतर तिथे जीव हरखतो! पण दर्जाचा फलक लागला की रविवारी गाड्यांची रांग लागणार, आणि बिबट्याच्या वाटेवर ती नकोच.

नवी मुंबईतल्या वाशी-बेलापूर पाम बीच रस्त्यावर गाड्या आहेतच. जपायला हवं ते खाडीकडचं कांदळवन, आणि नेरूळच्या पाणथळीत उतरणारे फ्लेमिंगो. माझं मत पाम बीचला, तेही खाडीकडे नवा टॉवर नाही या अटीवर.