वसतिगृहात राहून कॉलेज, की घरून ये-जा?

वर्गातलं शिकणं दोन्हीकडे सारखंच. तेच प्राध्यापक, तीच परीक्षा. फरक पडतो तो तास संपल्यावर. अमेरिकी संशोधक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये मांडलं की विद्यार्थी अभ्यासात आणि कॉलेजच्या जगण्यात जितका वेळ आणि जीव ओततो, तितका तो शिकतो, घडतो. या कसोटीवर वसतिगृह पुढे जातं. ग्रंथालय हाकेच्या अंतरावर, रात्री अडलेलं गणित घेऊन जायला शेजारची खोली, आणि आपल्याहून वेगळ्या विचारांच्या माणसाशी रोजचा वाद. तिथे राहणाऱ्यांनी शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता कमी, असंही ॲस्टिन यांना आढळलं होतं. (गप्पांत पहाट करणारेही अर्थात तिथलेच!)

घरून येणाऱ्याचा खर्च वाचतो. पण शेवटचा तास संपत आला की त्याची नजर घड्याळाकडे. नाटकाच्या तालमी, वादविवाद, प्राध्यापकांशी निवांत बोलणं, सगळं हुकतं. नोकरी किंवा घरची जबाबदारी असेल तर प्रश्नच मिटला. घरूनच या, फक्त आठवड्यातून एक-दोनदा उशिरापर्यंत थांबा आणि एखाद्या मंडळात नाव घाला. पैशांची सोय होत असेल, तर मात्र पहिलं वर्ष तरी वसतिगृहातच काढा, असं मी सांगेन.