तोजीचं कोदो: चेहऱ्यांबरोबर पायांखालीही बघा

पाचपैकी पाच. जपानमधल्या क्योतो स्टेशनपासून तोजी हे बौद्ध मंदिर चालत पंधराएक मिनिटं. मागच्या खेपेला एका टूर कंपनीच्या बसनं आलो होतो, तेव्हा पॅगोड्यासमोर फोटो काढायला लावून अर्ध्या तासात परत बसमध्ये कोंबलं होतं. या वेळी बाबांना घेऊन स्वतःच गेलो आणि थेट कोदोत, म्हणजे प्रवचनगृहात शिरलो.

आत उजेड बेताचाच. लांबरुंद ओट्यावर 21 मूर्ती. मधोमध वैरोचन (जपानीत दाइनिची) आणि भोवती चार बुद्ध, आपल्या उजवीकडे पाच बोधिसत्त्व, डावीकडे पाच विद्याराज, म्हणजे उग्र रूपातले रक्षक देव. सम्राट सागानं 823 मध्ये हे मंदिर कूकाई या बौद्ध भिक्षूच्या हवाली केलं, आणि एरवी कापडावर रंगवायचं मंडल, म्हणजे देवतांच्या मांडणीचं चित्र, त्यानं इथं मूर्तींमध्ये उभं केलं. 1486 च्या आगीत इमारत गेली. मधले बुद्ध त्यानंतरचे, विद्याराज मात्र नवव्या शतकातले.

दोन्ही टोकांना आपलीच माणसं! उजवीकडे हंसांवर बसलेला चार तोंडांचा ब्रह्मदेव, डावीकडे हत्तीवर इंद्र. बाबांनी दोघांनाही हात जोडले. मग आम्ही विद्याराजांपाशी आलो. मधला अचल, जपानी फुदो, हातात तलवार आणि पाश. सहा पायांचा यमांतक पाहून बाबा खूश. त्रैलोक्यविजयापाशी मात्र ते वाकले. "पायाखाली कोण रे हे?"

महेश्वर आणि उमा. दर सोमवारी रुद्र म्हणणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? शेवटी सांगितलं. तिन्ही लोकांचा धनी मीच, म्हणून शंकर बुद्धापुढे नमेना, तेव्हा त्रैलोक्यविजयानं त्याला असं तुडवलं, अशी वज्रयानातली, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथातली कथा. बाबांचा चेहरा उतरला. पण कथा तिथं संपत नाही. त्या पायाच्या स्पर्शानंच तो पुढं बुद्ध होतो, नाव भस्मेश्वरनिर्घोष.

"भस्म ठेवलंय ना नावात," बाबा म्हणाले, "मग ठीक."

आत फोटो काढता येत नाहीत, आणि ते बरंच आहे, माणसं बघत तरी उभी राहतात. किमान तासभर हाताशी ठेवा. दर महिन्याच्या 21 तारखेला आवारात कूकाईच्या नावानं मोठा बाजार भरतो, शांतपणे मूर्ती बघायच्या असतील तर तो दिवस टाळा. आम्ही बाहेर पडलो, तर बाबा दारातून परत फिरले. उमेला नमस्कार राहिला होता.