सिलिकॉन टीदर: दिवसा पैसा वसूल, रात्रीचं काय ते वाचा

टीदर म्हणजे दात येताना बाळाने चावायचं खेळणं. याच्या पॅकेटवर लिहिलंय की बाळ रात्रभर शांत झोपेल. तेवढी थाप सोडली तर बाकी वस्तू चांगलीये.

आमची लेक सात महिन्यांची, खालचे दोन दात एकदमच येतायत. हिरडी टम्म फुगलीये, वर पांढरी रेघ दिसते, लाळ तर एवढी की लाळेरी वाळत घालायला दोरी पुरत नाही. दिवसा कसंतरी निभतं पण रात्री दहा वाजले की बाईसाहेबांचा कार्यक्रम सुरू, आणि बायको दमलेली असते म्हणून पहिली पाळी माझी.

हे टीदर अख्खं एकसंध सिलिकॉनचंय, आत पाणी नाही जेल नाही, म्हणूनच घेतलं, कारण पाणी भरलेलं चावून फुटलं की ते आतलं पोटात जाणार. एका बाजूला बारीक गाठी आहेत, तीच बाजू तिला लागते, गुळगुळीत बाजू तोंडात गेली की स्वतःच फिरवून घेते. पकड मस्त, मुठीत बरोबर बसतं. त्रास एवढाच की गोधडीचे धागे, केस, जे दिसेल ते चिकटतं, सारखं धुवा. उकळलं तरी आकार बिघडत नाही पण फोडणीच्या पातेल्यात उकळू नका, सिलिकॉन वास धरतं, आमच्याकडे एकदा लसणाचं टीदर झालं होतं 😄

आता झोपेचं. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात जरा वेळ ठेवायचं (फ्रीझरमध्ये नको, एवढं गार हिरडीला उलट टोचतं), झोपायच्या आधी मांडीवर घेऊन मनसोक्त चावू द्यायचं, हिरडीला दाब मिळाला की किरकिर उतरते, मूठ ढिली पडली की हळूच काढून घ्यायचं, मग दूध आणि पाळणा. मूठ घट्ट असताना ओढलंत तर मेलात. गारवा पाचेक मिनिटंच टिकतो पण तेवढा पुरतो. तोंडात ठेवून झोपवू मात्र नका, आणि सोबत जी क्लिपवाली पट्टी येते ती रात्री काढूनच ठेवा, गळ्याभोवती गुंडाळली तर काय घ्या.

मध्यरात्री उठली की मात्र याचा शून्य उपयोग, अर्धवट झोपेत सरळ फेकून देते. तेव्हा नखं कापलेलं, स्वच्छ धुतलेलं बोट हिरडीवर दाबून फिरवलं की पटकन गप्प होते, मग खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

आईने डिकेमाली (हिरडीला चोळायचा उग्र वासाचा झाडाचा डिंक) आणली होती, त्या वासानेच पोरगी अजून रडायला लागली. मग दोऱ्यात ओवलेली खारीक. लहानपणी आम्हाला तीच देत होते म्हणे, पण ती चावून मऊ पडली की तुकडा सुटून घशात जायची भीती, म्हणून आईचा रुसवा पत्करून बंद केली. मेडिकलमध्ये हिरडीला लावायचं जेल देतात, त्यात बेंझोकेन (बधिर करणारं औषध) असेल तर अजिबात घेऊ नका, दोन वर्षांखालच्या बाळांना ते वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, रक्तातून ऑक्सिजन नीट पोचत नाही असा धोका असतो. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर "दात येतायत, चालायचंच" म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

घेणार असाल तर दोन घ्या, एक कायम सोफ्याखाली असतं. वरच्या-खालच्या पुढच्या दातांपर्यंत हे चालेल, दाढांच्या वेळी या गाठी मागपर्यंत पोचतील असं वाटत नाही, तेव्हा लांब दांड्याचं वेगळं बघावं लागणार.